डबा रिकामा परत आला नाही

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून सारांश असा. त्यांचा मुलगा एका खासगी इंग्रजी शाळेत पाचवीत आहे. त्याच वर्गात जवळच्या वस्तीतला एक मुलगा आहे, शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेला. तो रोज संध्याकाळी खेळायला येतो आणि आल्याबरोबर त्याची नजर स्वयंपाकघराकडे जाते. वाढलं तर चार-पाच पोळ्या सहज खातो. एकदा जाताना त्याच्या खिशात दुमडलेली पोळी दिसली. वडील ई-रिक्षा चालवायचे, अपघातात पाय मोडल्यापासून आठ महिने घरी आहेत. आई इतवारीत कपड्याच्या दुकानात कामाला जाते. आठ वर्षांची बहीण महापालिकेच्या शाळेत शिकते आणि सर्वांत धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे. ताईंनी न राहवून गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल अशी थैली भरली, डब्यात रव्याचे लाडू घातले आणि मुलाबरोबर घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली. "ताई, मन मोठं आहे तुमचं, पण आम्हाले नाही पाहिजे," म्हणून थैली परत देऊन गेली. लाडवांचा डबाही दिला, त्यात कुरोड्या (कुरडया) होत्या. मुलगा आठ दिवस फिरकला नाही. आता येतो, पण विचारलं की म्हणतो, "जेवून आलो काकू." सासूबाईंचं म्हणणं, सरकार फुकट राशन देतं तरी ही बाई पोराला मुद्दाम आपल्याकडे पाठवते. ताई विचारतात, मदत करायची तर कशी? की यात पडूच नये?

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या डब्यापाशी थांबले. थैली परत आली याबद्दल तुम्ही पानभर लिहिलं आहे, तुम्हाला लागलंही आहे. कुरोड्यांना मात्र एक ओळ. मला वाटतं त्या माउलीचं खरं उत्तर त्या एका ओळीत आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. जिच्या घरी दाणे मोजून शिजतात, तिनं त्या डब्यात कुरोड्या घातल्या. त्या कुरोड्यांसाठी गहू कुठून आला असेल, तो भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून त्या उन्हात घालायला तिला सुट्टी कधी मिळाली असेल, याचा जरा विचार करा. तिनं तुमच्याशी नातं तोडलेलं नाही. तुमच्याकडून एकतर्फी घ्यायला ती तयार नाही, एवढंच.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते, कारण घरात रोज तोच बोलला जात असणार. मुद्दाम पाठवणारी बाई भरलेली थैली परत करेल का? एवढं त्यांना विचारून बघा. पण "फुकट राशन" या शब्दांत एक मोठा गैरसमज आहे आणि तो फक्त सासूबाईंचा नाही. चांगली शिकलेली माणसंही माझ्याशी असंच बोलतात, म्हणून थोडा हिशेब मांडते.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदयचं (सर्वांत गरीब कुटुंबांसाठीचं) कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. २०२३पासून हे धान्य मोफत आहे, आणि १ जानेवारी २०२४पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहणार आहे. या कुटुंबात पाच माणसं. पाचही नावं कार्डावर असतील तर २५ किलो, म्हणजे माणशी दिवसाला १६७ ग्रॅम. मध्यम आकाराच्या पाच-सहा पोळ्यांचं पीठ, अख्ख्या दिवसासाठी. तुमच्याकडे तो एका बैठकीला जेवढं खातो, जवळपास तेवढं. डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, दूध नाही, गॅस नाही. आणि दोन वर्षांच्या बाळाचं नाव कार्डावर चढवलं नसेल तर यातलेही ५ किलो वजा करा.

पण मला वेगळीच शंका येते. कायदा राज्यात लागू करताना शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार ठरली होती. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. दुकानात उभं राहून पगार घेणारी बाई आणि ई-रिक्षा चालवणारा नवरा कागदावर ही रेषा कधीच ओलांडून जातात. अशा घरांकडे केशरी कार्ड असतं, पण कंट्रोलमध्ये, म्हणजे राशन दुकानात, त्यावर धान्य मिळतंच असं नाही. नवऱ्याची कमाई बंद झाली, तरी कार्डावरचं जुनं उत्पन्न आपोआप खाली येत नाही. तेव्हा त्यांना राशन मिळतं की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, सासूबाईंनाही नाही. आधी ते कळायला हवं.

दुसरं. "घरी उपाशी तर नसतील ना," असं तुम्ही दोनदा लिहिलंय. आपल्या मनात भूक म्हणजे चूल न पेटलेलं घर. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना घरातली अन्नाची असुरक्षितता मोजते ती आठ प्रश्नांवर. दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का, हा त्यातला शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न आहे, पुरेसं अन्न मिळणार नाही अशी काळजी वाटली का? मग येतं तेच ते खावं लागणं, एक वेळ सोडणं, कमी खाणं, घरातलं संपणं. त्या मुलाच्या घरी चूल पेटत असेलच. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर वरण पातळ होत असेल, भाजीच्या जागी मिरचीचा ठेचा येत असेल, आई "मी दुकानात खाल्लं" म्हणत असेल. मुलांना हे सगळं कळतं. डब्यात वाटी टेकली की होणारा आवाज ऐकून पीठ किती उरलंय हे ओळखणारी सात वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. अशी मुलं समोर आलेलं भराभर खातात आणि जमलं तर उद्यासाठी ठेवतात. वर्गात अशी मुलं चिडचिडी वाटतात, सकाळी डोकं दुखतं म्हणतात, फळ्याकडे बघत असतात पण मन तिथं नसतं. बाई म्हणतात, लक्ष नाही.

खिशातल्या पोळीबद्दल तुम्ही "लपवली" असा शब्द वापरलाय. मला ती पोळी घरातल्या कुणासाठी तरी होती असं वाटतं. आपल्यापुढे ताट आलं आणि मागे बहीण आहे, धाकटा आहे, हे दहा वर्षांचं पोर विसरत नाही. त्याला त्याबद्दल कधीही विचारू नका. प्रेमानंसुद्धा नाही.

या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली नसावी, आणि ती मला फार टोचते. त्याची बहीण महापालिकेच्या शाळेत जाते, तिला दुपारी शिजवलेलं अन्न मिळतं. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा या आहाराचा निकष आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश दिला, तेव्हा शाळेत शिजवून वाढणं राज्यांवर बंधनकारक झालं. पण हा आहार सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत, तोही आठवीपर्यंतच. खासगी विनाअनुदानित शाळेत राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाला फी माफ आहे, खिचडी नाही. आई-बापानं पोराला चांगल्या शाळेत घातलं आणि त्याचं दुपारचं जेवण गेलं. त्यात तिथं बाकीची मुलं पराठे, इडल्या, सँडविच काढून बसतात. तुमच्या मुलाला सहज विचारा, मधल्या सुट्टीत तो कुठे असतो. नळापाशी किंवा मैदानात असतो असं उत्तर आलं, तर मला आश्चर्य वाटणार नाही. नववीत गेलेल्या मुलांचंही असंच होतं. वय वाढीचं, भूक दुप्पट, आणि नेमकी तेव्हाच खिचडी बंद.

तुम्ही थैली पाठवलीत यात वाईट काही केलं नाहीत. पण थैली कशी लागते ते मी माझ्याच चुकीतून शिकले आहे. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही काहीजण धान्याचे किट वाटायला एका वस्तीत जायचो. रांग लावायची, नाव लिहायचं, देणगीदारांना दाखवायला फोटो काढायचा. एक बारावीतली मुलगी आली. किट घेतलं, फोटोच्या वेळी मान खाली घातली आणि पिशवीवर ओढणी टाकून गल्लीतून न जाता मागच्या नाल्याच्या बाजूनं घरी गेली. पुढच्या आठवड्यात त्या घरातलं कुणी आलं नाही. आम्ही म्हटलं, त्यांची सोय झाली असेल. सोय झाली नव्हती, हे पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. तेव्हापासून मी अन्न देताना फोटो काढू देत नाही. यावरून माझी भांडणंही झाली आहेत.

मग करायचं काय?

संध्याकाळपासून सुरुवात करा, कारण ती तुमच्या हातात आहे. "भूक लागली का? जेवतोस का?" हे विचारणं बंद करा. विचारलं की तो "जेवून आलो" म्हणणारच, त्याला घरून तसं बजावलंय. त्याऐवजी साडेसहाला खेळ थांबला की जितकी पोरं असतील तितक्या ताटल्या मांडा. तुमचा मुलगाही त्यातच बसेल. रोज तीच वेळ. पदार्थ साधा असू द्या, पण पोटाला आधार देणारा. बेसन-पोळी, मटकीची उसळ, फोडणीचा भात आणि दही, उकडलेली अंडी चालत असतील तर अंडी. खास त्याच्यासाठी काही करू नका. टेबलावर गूळ-फुटाण्यांचा उघडा डबा ठेवा आणि "जाता जाता मूठभर घ्या रे" असं सगळ्यांना म्हणा. मग ती मूठ खिशातून बहिणीपर्यंत गेली तरी कुणाला लपवावं लागणार नाही. आणि ठेवाल तर रोज ठेवा. चार दिवस भरभरून आणि मग आठ दिवस काहीच नाही, याचा अशा मुलांना जास्त त्रास होतो. झेपेल तेवढंच ठरवा, पण चुकवू नका.

तुमच्या मुलाशी मात्र स्पष्ट बोला. तो दहा वर्षांचा आहे, त्याला समजतं. मित्र आपल्याकडे काय खातो हे वर्गात कुठेही निघता कामा नये, एवढं सांगा.

शाळेचा प्रश्न एकट्या मुलाचा म्हणून नेऊ नका, नाव तर मुळीच घेऊ नका. वर्गशिक्षिकेला सुचवा की आठवड्यातले काही दिवस सगळ्यांनी डबे मधे ठेवून एकत्र खायचं, आणि ज्यांना जमेल त्यांनी दोन पोळ्या जास्तीच्या आणायच्या. पाच-सात पालकांनी एवढं मनावर घेतलं तर भागतं. नळापाशी जाणारी मुलं त्या घोळक्यात येऊन बसतात, आणि कुणाच्या डब्यातलं कुणी खाल्लं हे कळतही नाही.

आता त्याच्या आईकडे. तुम्ही तिच्याकडे जा, तिला बोलावू नका. रिकाम्या हातानं जा. कुरोड्या किती छान झाल्या हे सांगा आणि मग बायका बोलतात तशा बोला. पायातला रॉड कधी काढणार, दुकानातून सुटायला रात्री किती वाजतात, धाकटा कुणाजवळ असतो. पहिल्याच भेटीत राशन कार्डाचा विषय काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघेल. निघाला की तीन गोष्टी बघायच्या: पाचही नावं आहेत का, धान्य कधीपासून मिळतं किंवा का बंद झालं, आणि सगळ्यांचं ई-केवायसी झालंय का. अंगठा जुळत नाही म्हणूनही धान्य अडतं. १९६७ हा राशनच्या तक्रारींसाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे. पण खरी मदत म्हणजे बरोबर जाणं. पुरवठा कार्यालयात दोन खेपा म्हणजे तिचा दोन दिवसांचा पगार जातो. तुम्ही अर्ज लिहून दिलात, झेरॉक्स करून ठेवल्यात, रांगेत तिच्याऐवजी नवऱ्याला बसायला खुर्ची मिळवून दिलीत, तर ते दहा किलो गव्हापेक्षा मोठं काम आहे. (कार्ड मध्य प्रदेशातल्या बालाघाट किंवा शिवनीकडचं असेल आणि त्यावर धान्य मंजूर असेल, तर ते नागपुरातल्या दुकानातूनही उचलता येतं. बांधकामावर येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.)

धाकट्याकडे लवकर लक्ष द्या. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, पण आई दिवसभर दुकानात असली की नाव नोंदवायचं राहून जातं. अंगणवाडी सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. पाच वर्षांखालच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ती पुढचं सांगेल, आणि साडेअकराच्या खाली असेल तर एक दिवसही थांबू नका. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुलं वयाच्या मानानं उंचीला खुजी आहेत, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. आपल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांतच ती आहेत. आपल्याला वाटतं, आई-बापच ठेंगणे असतील.

देवाणघेवाणीची एक जागा मला फार योग्य वाटते. एप्रिल-मेमध्ये तुम्ही वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरत असालच. इतवारीतून किंवा कळमन्यातून पोत्यानं घेतलेली डाळ स्वस्त पडते. ती बाई मात्र पावकिलो डाळ आणि दहा रुपयांची तेलाची पुडी घेत असणार, तीही उधारीवर, म्हणजे तीच वस्तू तुमच्यापेक्षा महाग. तुम्ही चार-पाच घरं मिळून पोतं आणा आणि त्यात तिचा वाटा धरा. पैसे दर महिन्याला, भिशीसारखे. ती हप्ता देईल, वाटा घेईल, आणि कुणाचं कुणावर ऋण राहणार नाही. इतवारीत तिच्या ओळखीही तुमच्यापेक्षा जास्त असतील, भाव तिलाच करू द्या. तसंच कुरोड्या, शेवया, सांडगी मिरची. तुमच्या सोसायटीत मागणी असेल तर करून द्यायला सांगा, पण भाव बाजारातला द्या. "तिलाही मदत होईल" असं म्हणत निम्म्या पैशात काम करून घेणारी घरं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा काही न केलेलं बरं.

तुमच्यासारखी पत्रं दर उन्हाळ्यात येतात, म्हणून बाकीच्या वाचकांसाठीही लिहिते. शाळेच्या सुट्टीत आहार द्यायचं बंधन कायद्यात नाही. दुष्काळी भागांसाठी न्यायालयाने सुट्टीतही तो द्यायला लावला, शहराला तसं काही नाही. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे या मुलाच्या बहिणीची खिचडी सगळ्यात जास्त दिवस बंद राहते ती आपल्याकडे, पंचेचाळीस अंशांत.

आपलं शहर अन्नदानात कधी मागे नाही. रामनवमीच्या शोभायात्रेच्या वाटेवर पावलापावलाला प्रसाद आणि सरबत असतं, हनुमान जयंतीला गल्लोगल्ली महाप्रसाद असतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंना लोक प्रेमानं जेवू घालतात, ताजबागेत लंगर चालतो. ही श्रद्धा मोठी आहे आणि मी तिच्यापुढे नमते. माझं मागणं एवढंच, की वस्तीतल्या एखाद्या मंडळानं महाप्रसादाच्या खर्चातला काही भाग बाजूला काढावा आणि मे-जूनमध्ये रोज सकाळी आठ वाजता समाजमंदिरात किंवा वाचनालयात मुलांसाठी न्याहारी ठेवावी. उन्हाच्या आत. सोबत गोष्टीची पुस्तकं, कॅरम, कुणी शिकवणारं असेल तर चित्रकला. येईल त्या प्रत्येक मुलाला वाढायचं, कार्ड विचारायचं नाही, यादी करायची नाही. पोहे, उपमा, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चिक्की, केळं. मुलं "गोष्टीच्या वर्गाला" जातील, त्यांच्या आयांनाही तसंच सांगता येईल. चाळीस मुलांची न्याहारी करायला दोन बायका पुरतात. त्यांना मजुरी द्या, आणि त्या वस्तीतल्याच असू द्या.

शेवटी, तुमचं "यात पडूच नये का." मुलगा खंगत चाललाय, अंगावर वळ दिसतात, किंवा त्याला कामाला जुंपलंय असं काही वाटलं तर १०९८वर कळवायचं, तिथं संकोच नको. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. एक कामाला जाणारी बाई आहे, एक अपघात आहे आणि आठ महिने आहेत. अशा आठ महिन्यांत तुमचं माझं घरही कुठे गेलं असतं, मला सांगता येत नाही.

कुरोड्या तळल्यात की अजून त्या डब्यातच आहेत, हे तुम्ही लिहिलं नाही. नसतील तळल्या तर या रविवारी तळा, पोरांसमोर मांडा, आणि "तुझ्या आईनं केल्या आहेत" असं त्याला सगळ्यांच्या देखत सांगा.